सुट्ट्या पैशांतली कोणती नाणी बाजूला काढावीत? नव्या संग्राहकांचे नेहमीचे प्रश्न

आपण नाणी जमवतो हे नातेवाइकांत कळलं, की प्रत्येक लग्नकार्यात कोणीतरी रुमालात बांधलेली मूठभर नाणी पुढे करतं आणि विचारतं, "बघ रे, याचे काही येतील का?" बहुतेक वेळा उत्तर "फारसे नाहीत" असंच असतं. पण त्या मुठीत ठेवण्यासारखं काहीच नव्हतं, असं मात्र क्वचितच झालंय. वर्षानुवर्षं तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

रोजच्या वापरातल्या नाण्यांत खरंच ठेवण्यासारखं काही असतं का?

असतं, पण त्यातून घर उभं राहणार नाही. आज खिशात असलेल्या शंभर नाण्यांपैकी पंच्याण्णव कायम दर्शनी किमतीचीच राहतील. उरलेली पाच ठेवायची ती तीन कारणांनी. एक, नाणं अगदी कोरं आहे, म्हणजे सिंहांच्या आयाळीवरच्या रेषासुद्धा झिजलेल्या नाहीत. दोन, त्या वर्षी त्या टांकसाळीतून ते कमी निघालं. तीन, तो साचाच आता बंद झाला आणि हळूहळू व्यवहारातून नाहीसा होतोय. जुनेपणा हे कारण मी मुद्दाम धरलेलं नाही. दोन हजार वर्षांपूर्वीची तांब्याची नाणीही आज किरकोळ पैशांत मिळतात, कारण ती ढिगांनी सापडली आहेत.

नाणं हातात आलं की आधी कुठे बघायचं?

वर्ष बघा आणि लगेच वर्षाच्या खाली बघा. नवखा माणूस चित्र बघतो आणि मुरलेला माणूस वर्षाखालची ती एवढीशी जागा बघतो. तिथे टांकसाळीची खूण असते.

भारतात सध्या चार टांकसाळी आहेत. मुंबईची खूण पत्त्यांतल्या चौकटसारखी, हैदराबादची पाच टोकांची चांदणी, नोएडाचा गोल ठिपका. कोलकात्याची खूणच नसते, वर्षाखाली जागा मोकळी. हैदराबादच्या काही जुन्या नाण्यांवर चांदणीऐवजी मधून दुभंगलेली किंवा आत ठिपका असलेली चौकट दिसते आणि तिथेच मुंबई-हैदराबादचा घोळ होतो. साध्या डोळ्यांना ती चौकटच वाटते. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं. या छंदात पहिले पैसे त्यावर घाला, नाण्यांवर नंतर.

परवा दूधवाल्यानं मोडीत दोनचं अकरा कोनांचं नाणं दिलं. कडा बोथट, भारताचा नकाशा पुसट, रंग शाईच्या डागासारखा. खर्चून टाकणार होतो. भिंगाखाली धरलं तर वर्ष स्वच्छ वाचता येत होतं आणि खाली चांदणी. त्या वर्षाची चौकट माझ्याकडे होती, चांदणी नव्हती. किंमत म्हणाल तर दोनच रुपये, पण माझ्या फोल्डरमधलं एक घर भरलं. हा आनंद ज्याला कळत नाही, त्यानं या वाटेला न आलेलंच बरं.

काही नाण्यांवर इंग्रजी अक्षर दिसतं, ते काय?

१९८० च्या दशकात सुट्ट्या पैशांचा एवढा तुटवडा पडला, की सरकारनं परदेशी टांकसाळींकडून नाणी पाडून आणली. १९८५ च्या रुपयावर वर्षाखाली 'एच' असेल तर ते बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचं. १९८८ च्या नाण्यांवरचा 'सी' म्हणजे कॅनडातलं ओटावा. पुढे १९९० च्या दशकाच्या शेवटी पुन्हा तीच वेळ आली. 'एमके' ही जोडअक्षरी खूण स्लोव्हाकियातल्या क्रेम्नित्साची, आणि रशियन लिपीतली तीन अक्षरं मॉस्कोची.

यातली बरीचशी अजूनही सहज सापडतात, कारण ती पाडलीच मोठ्या संख्येनं. १९८५ चा 'एच' रुपया मात्र चांगल्या स्थितीत दिसला तर सोडू नका.

सुरुवात कुठल्या मालिकेपासून करावी?

हातांच्या मालिकेपासून. २००७ च्या सुमारास आलेल्या स्टीलच्या नाण्यांवर नृत्यातल्या हस्तमुद्रा आहेत: पन्नास पैशांवर मिटलेली मूठ, रुपयावर वर केलेला अंगठा, दोनवर दोन बोटं. त्या वेळी लोकांनी या नाण्यांची भरपूर टिंगल केली. रुपया आणि दोन रुपये हाताला जवळपास सारखेच लागायचे, त्यामुळे कंडक्टर आणि प्रवासी दोघंही वैतागायचे. २०११ मध्ये रुपयाचं नवं चिन्ह असलेली मालिका आली आणि हातांची छपाई थांबली. आज ती अजून खिशात येतात, पण दर वर्षी कमी. कोरी निवडायची असतील तर हीच वेळ.

त्याच्या आधीची 'चार रेघांची फुली' असलेली रुपया-दोनची नाणी (वर्षं साधारण २००४ ते २००७) हीसुद्धा अशीच बाजूला काढावीत. रुपयातलं तांबं-निकेल १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गेलं आणि स्टील आलं. त्यामुळे १९९१ पर्यंतचा, जरा जड आणि मऊ चकाकीचा रुपया मिळाला तर तोही ठेवा. पाचचं जाडजूड तांबं-निकेलचं नाणं, ज्याच्या कडेला मधोमध खाच आहे, ते तर मला आपल्या सगळ्या चालू नाण्यांत देखणं वाटतं. नंतरची पाचची नाणी त्यापुढे पत्र्याच्या चकत्या.

शिवाजी महाराज, तुकोबा, टिळक यांची नाणी किती मौल्यवान?

मनाला मौल्यवान, बाजारात स्वस्त. छत्रपती शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं आणि ज्ञानेश्वरांचं एक रुपयाचं नाणं, दोन्ही १९९९ ची. तुकाराम महाराजांचा रुपया २००२ चा. लोकमान्यांचं पाचचं नाणं २००७ चं. डॉ. आंबेडकरांचा रुपया १९९० चा, जन्मशताब्दीच्या वेळचा. ही सगळी व्यवहारासाठीच काढली होती, त्यामुळे झिजलेली नाणी जुन्या बाजारात चहा-वड्याच्या पैशांत मिळतात. कोरं नाणं मात्र खरोखर कमी, कारण या नाण्यांना लोकांनी देवघरात ठेवून कुंकू लावलंय. कुंकू खाचांत बसलं की निघत नाही.

संग्रहाला महाराष्ट्राचा धागा हवा असेल तर एवढी पाच नाणी आधी चांगल्या स्थितीत मिळवा. वाटतं तितकं सोपं नाही, मला चौथं मिळेपर्यंत दोन वर्षं गेली.

आणि हो, ७५, १००, ५०० रुपयांची जी स्मारक नाणी बातम्यांत दिसतात, ती व्यवहारासाठी नसतात. टांकसाळ ती डबीत घालून जास्त किमतीला विकते. नव्या संसद भवनानिमित्तचं २०२३ चं ७५ रुपयांचं नाणं ३५ ग्रॅम वजनाचं, अर्धी चांदी असलेलं आहे. भाजीवाल्याकडून ते तुमच्या हाती येणार नाही.

वैष्णोदेवीच्या नाण्याला दहा लाख मिळतात म्हणे?

नाही. माता वैष्णोदेवीची पाच आणि दहा रुपयांची नाणी २०१२ ची, आणि अजूनही फिरताना दिसतात. ज्या वेबसाइटवर त्यांची किंमत लाखांत लिहिलेली असते, ती किंमत विकणाऱ्यानं स्वतः टाकलेली असते. कुणीही जुन्या चपलेची किंमत एक कोटी लिहू शकतो. प्रश्न एवढाच, की ती कोणी दिली का?

यामागचा धंदा असा चालतो. तुम्ही जाहिरातीवर नंबर देता. समोरून फोन येतो, "आम्ही घेतो, रक्कम मंजूर झाली, फक्त जीएसटी आणि नोंदणीचे अडीच हजार आधी भरा." कधी रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह असलेलं पत्रही येतं. पैसे भरले की आणखी एक शुल्क निघतं. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं स्वतः पत्रक काढून सांगितलं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आपण पडत नाही, कसलंही शुल्क मागत नाही आणि असा अधिकार कुणाला दिलेलाही नाही. आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त गृहस्थांचे असेच अठरा हजार गेले, ट्रॅक्टरवाल्या पाचच्या नोटेपायी. घेणारा माणूस कधीही आधी पैसे मागत नाही. बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

आजीच्या डब्यात पाच, दहा, वीस पैशांची ढीगभर नाणी आहेत. चालतील का?

व्यवहारात नाही. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बाद झाली. पन्नास पैसे मात्र कायद्यानं आजही चालतात, दुकानदार कितीही तोंड वाकडं करो.

या डब्यातली अ‍ॅल्युमिनियमची चौकोनी पाच पैसे, नागमोडी कडांची दहा पैसे, षटकोनी वीस पैसे किलोवर विकली जातात, त्यामुळे ढिगाला भाव नाही. तरी ओतून एकदा निवडा. मी तीन गोष्टी शोधतो.

पहिली, 'नया पैसा' असं लिहिलेली. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली, रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नये पैसे झाले. लोकांचा गोंधळ होऊ नये म्हणून नाण्यावर चक्क 'रुपये का सौवाँ भाग' असं समजावून लिहिलं होतं. १९६४ मध्ये 'नया' हा शब्द गेला. हिशेब शिकवणारं नाणं म्हणून मला ते फार आवडतं.

दुसरी, तीन पैशांची षटकोनी. १९६४ ते १९७१ एवढाच तिचा काळ. तीन पैसे हवेत कशाला, असं आज कुणीही विचारेल, पण जुना अर्धा आणा म्हणजे साधारण तीन पैसे, हे लक्षात घेतलं की कोडं सुटतं. तिसरी, १९६८ ते १९७१ ची कमळाची पिवळी वीस पैसे. पितळेसारखी दिसते म्हणून कित्येक घरांत ती "सोन्याची" म्हणून जपून ठेवलेली असते.

चांदीचा रुपया खरा की खोटा, कसं ओळखायचं?

आधी लोहचुंबक लावा, फ्रिजवरचाही चालेल. चिकटला तर चांदी नाही. सगळ्यात जास्त निराशा १९४७ च्या, मागे वाघ असलेल्या रुपयानं होते. तो दिसतो चांदीसारखा, पण आहे निकेलचा, आणि निकेल चुंबकाला टकाटक चिकटतं. १९५० आणि १९५४ चे रुपयेही निकेलचेच. त्यातला १९५४ चा मात्र कमी मिळतो, तेव्हा तो चिकटला म्हणून फेकू नका.

राणीछाप रुपयापासून १९३० च्या दशकापर्यंतच्या इंग्रजी रुपयात ९१.७ टक्के चांदी आणि वजन ११.६६ ग्रॅम. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. घरात काटा असेल तर वजन करून बघा. झिजलेला थोडा कमी भरेल, पण साडेनऊ ग्रॅम भरला तर दाल में कुछ काला. चुंबकाला न चिकटणं म्हणजे मात्र खरेपणाचा दाखला नव्हे, जस्त-शिशाची नक्कलही चिकटत नाही.

भावाचं म्हणाल, तर साध्या रुपयाची किंमत चांदीच्या दरानंच ठरते. १८६२ चा रुपया बघून लोक हरखतात, पण तेच वर्ष पुढे १८७४ पर्यंतच्या रुपयांवर छापत राहिले, त्यामुळे तो सर्वांत सहज मिळणाऱ्यांपैकी आहे. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयाची गंमत वेगळी. राजाच्या अंगरख्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, आणि पुढच्या वर्षी चित्र सुधारलं. १९३९ चा रुपया खरोखरीच दुर्मीळ. म्हणूनच त्याच्या नकला भरपूर, साध्या वर्षाचा आकडा कोरून बदललेल्यासुद्धा. तो लक्ष्मीपूजनाच्या ताटात अचानक सापडला तर नाचण्याआधी जाणकाराला दाखवा.

कडी लावलेला किंवा माळेत ओवलेला रुपया संग्राहकाच्या दृष्टीनं खराब धरतात. पणजीच्या गळ्यातला असेल तर तो विकायची गोष्टच नाही.

शिवराई आणि 'रामदरबार' नाण्यांबद्दल सांगा.

शिवराई म्हणजे तांब्याचं नाणं, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. महाराजांनंतरही ही नाणी दीडशेहून अधिक वर्षं पाडली जात होती, म्हणून हाती आलेली प्रत्येक शिवराई शिवकालीन नसते. उलट बहुतेक नंतरच्याच असतात. अक्षरांच्या वळणावरून आणि मधल्या रेघांवरून काळ ठरतो, तो विषय स्वतंत्र आहे. नव्या माणसानं साधी, नंतरची दुदांडी (मध्ये दोन रेघा असलेली) शिवराई घ्यावी. खरी असते, परवडते आणि हातात घेतली की अंगावर काटा येतोच.

'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' असं लिहिलेली, राम-सीता, हनुमान किंवा ॐ असलेली नाणी मात्र नाणी नव्हेतच. कंपनीनं देवांची अशी नाणी कधी काढली नाहीत. ती नंतर बनवलेली टोकनं आहेत. "तांदूळ ओढतं", "वीज ओढतं" असं सांगून ती विकणारे अजून भेटतात. मुंडावळ्या बांधून आलेला नवरदेव जितका उघड ओळखू यावा, तितकी ती ओळखू येतात. तरी लोक फसतातच.

नाणी चिंचेनं घासली तर चालतील ना?

नको हो. चिंच, लिंबू, राख, पितांबरी, टूथपेस्ट, कोलगेटचा ब्रश, काहीच नको.

हे मी शिकलो ते स्वतःचं नाणं घालवून. नववीत असताना मिळालेली पहिली शिवराई चिंचेच्या कोळात रात्रभर ठेवली. सकाळी नव्या तांब्यासारखी गुलाबी झाली होती. केवढा अभिमान! बुधवारी पुण्याच्या जुन्या बाजारात एका म्हाताऱ्या विक्रेत्याला दाखवली. त्यांनी ती बोटांवर फिरवली, परत माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "बाळा, हिची कातडी सोलून आणलीस की." तांब्यावर शंभर-दोनशे वर्षांत चढलेला तो काळपट चॉकलेटी थर हीच नाण्याची कातडी. गेली की परत येत नाही, आणि किंमत निम्म्याहून खाली येते.

माती असेल तर साध्या पाण्यात, शक्य तर बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यात, दोन-तीन दिवस ठेवा आणि मऊ कापडावर टिपून घ्या. पुसायचं नाही, टिपायचं. स्टीलच्या चालू नाण्यावरचा चिकट मळ साबणाच्या पाण्यानं धुतला तर फार बिघडत नाही.

चुकीची छपाई असलेल्या नाण्याला भाव असतो का?

चूक टांकसाळीत झाली असेल तर असतो. चित्र बाजूला सरकून कडेला कोरी चंद्रकोर राहिली आहे, चकतीचा तुकडाच कमी आहे, एका बाजूला तेच चित्र उलटं आणि खोलगट उमटलंय, असं काही दिसलं तर ठेवा. रुळावर चेपलेलं, हातोडीनं ठोकलेलं, गॅसवर काळं झालेलं नाणं ही चूक नव्हे, तो अपघात. दोन्ही बाजूंना छापा असलेलं 'शोले'छाप नाणं बहुतेक वेळा दोन नाणी कापून जोडलेलं असतं. कडेजवळ, आतल्या काठाला नखानं हळूच चाचपा, सांधा लागतो.

ठेवायची कशात?

मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांत नको. त्यातल्या पीव्हीसीमुळे काही वर्षांत नाण्यावर हिरवट चिकटा येतो. मध्ये पारदर्शक खिडकी असलेले पुठ्ठ्याचे होल्डर मिळतात, ते बरे. रबरबँडनं चांदी काळी पडते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, नव्या बुटांच्या खोक्यात निघतात त्याच. नाणं नेहमी कडेला धरा.

दहाचं नाणं दुकानदार घेत नाही. ते खोटं आहे का?

नाही. दहा रेघांचं खरं आणि पंधरा रेघांचं खोटं, ही अफवा. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं तोपर्यंतचे चौदाही नमुने वैध असल्याचं सांगितलं. संग्राहकाला हे सोयीचंच: चौदा नमुने म्हणजे चौदा घरं, प्रत्येकी दहा रुपयांत. शेजारचा किराणावाला जी नाणी गिऱ्हाइकांना परत करतो, ती मी त्याच्याकडून घेतो. दोघंही खूश.

खरेदी-विक्री कुठे करावी आणि भाव कसा कळेल?

पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, शहरोशहरी भरणारी नाणे प्रदर्शनं. पहिल्या दोन-तीन खेपांना फक्त बघा, खिशात हात घालू नका. मागितलेला भाव हा भाव नव्हे. लिलावात प्रत्यक्ष गेलेल्या किमती बघा. त्याआधी मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम आणि नाशिकजवळ अंजनेरीचं नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय बघून या. खरी नाणी डोळ्यांखालून गेली, की खोटी आपोआप खुपायला लागतात.

अमेरिकेतल्या भावाला जुनी नाणी पाठवू का?

शंभर वर्षांहून जुनी असतील तर नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत, मग ती घरचीच का असेनात. हातांच्या मालिकेचा संच खुशाल पाठवा. आणि शेतात नांगरताना गाडगं सापडलं, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानं ते कलेक्टरला कळवावं लागतं. परस्पर वाटून घेतलं तर गुन्हा होतो.

मुलीला सुरुवात करून द्यायची आहे. काय देऊ?

एक भिंग, एक दोनशे पानी वही आणि रात्री घरातल्या सगळ्यांच्या खिशांतली चिल्लर. वहीत चार रकाने पाडा: चौकट, चांदणी, ठिपका, मोकळं. डावीकडे वर्षं लिहा. रुपयाच्या नाण्यापासून सुरू करा, २०११ पासून पुढे. आमच्याकडे मुलीनं पहिल्याच रात्री नऊ घरं भरली, आणि दुसऱ्या दिवशी रिक्षावाल्याकडे दोन वेळा सुटे मागितले.